डुकरांचे खनिज पूरक खाद्य आणि लसीकरण

डुकरांच्या नेहमीच्या खाद्यात कमी पडणारी लोह, जस्त, सिलिनियम, तांबे, मँगॅनीज, आयोडीन इ. मूलद्रव्ये लवणांच्या स्वरूपात बाहेरून मिसळतात. अशा मिश्रणास खनिज पूरक खाद्य किंवा व्यवहारात खनिज मिश्रण असे म्हणतात. वाढ, प्रजनन व हाडांची बळकटी यांसाठी ते देण्याची प्रथा जुनी आहे. लस टोचल्यानंतर डुकराच्या शरीरात निर्माण होणारी रोगप्रतिकारक्षमता या मिश्रणावर कितपत अवलंबून असते, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला. त्यामागे दोन स्वतंत्र इतिहास आहेत : एक लसींचा व दुसरा त्रुटिजन्य रोगांचा. हे दोन प्रवाह जवळजवळ नव्वद वर्षे एकमेकांना न भेटता वाहत राहिले. वऱ्हाडात चुनखडीयुक्त काळी जमीन, ज्वारी-कपाशीची शेती आणि गावाच्या कडेने हिंडणारे डुक्कर या तिन्ही गोष्टी एकत्र आढळतात. त्यामुळे या विषयाला तेथे निव्वळ प्रयोगशाळेपलीकडचा अर्थ आहे.

लसींचा इतिहास : डुकरांसाठी पहिली परिणामकारक लस फ्रान्समध्ये तयार झाली. धावरे या रोगाने तेथील डुकरे मोठ्या प्रमाणावर मरत असत. लूई पाश्चर व त्यांचे तरुण सहकारी ल्वी त्यूईये यांनी १८८२–८३ मध्ये या रोगाच्या सूक्ष्मजंतूचा अभ्यास केला. हा सूक्ष्मजंतू सशांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेला असता त्याची डुकरांविषयीची तीव्रता कमी होते, असे त्यांना आढळले. असा सौम्य झालेला जंतू टोचून डुकरांचे संरक्षण करता आले. त्याच वर्षी त्यूईये कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी ईजिप्तला गेले आणि ॲलेक्झांड्रिया येथे त्याच रोगाने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावले.

अमेरिकेत डॅन्येल सॅमन व थीओबाल्ड स्मिथ यांनी १८८६ मध्ये उष्णतेने मारलेले जंतू टोचून कबुतरांत रोगप्रतिकारक्षमता निर्माण करून दाखविली. मृत जंतूंच्या लसीचे हे आद्य उदाहरण होय. ज्या रोगासाठी हा खटाटोप चालला होता, तो वराह ज्वर मात्र त्या जंतूमुळे होत नव्हता. तो गाळणीतून पार होणाऱ्या व्हायरसामुळे होतो, हे द श्वाइनिट्स व डॉर्सेट यांनी १९०३ मध्ये सिद्ध केले. पुढे लसीकरण, रोगी जनावरांचा नाश व वाहतुकीवरील निर्बंध यांच्या बळावर अमेरिकेने १९६२ मध्ये निर्मूलनाची मोहीम हाती घेतली व १९७८ मध्ये देश वराह ज्वरापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

भारतात हा रोग अलीगढ येथे आढळल्याची नोंद १९४४ ची आहे. त्यावर १९६४ पासून इंग्लंडमधील वेब्रिज वाणाची, सशांत वाढविलेली लस वापरात आली. पाश्चर यांचा ससा अशा रीतीने ऐंशी वर्षांनी भारतीय डुकराच्या कामी आला; पण तो फार महाग पडला. एका सशाच्या प्लीहेतून सु. ५० मात्राच निघत. देशाची गरज वर्षाला सु. २ कोटी मात्रांची, तर उत्पादन सु. १२ लाख मात्रांचे होते. इझ्झतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने कोशिका संवर्धनावर वाढविलेली नवी लस विकसित केली व ती २०२० मध्ये प्रसृत करण्यात आली. तिची किंमत दर मात्रेस दोन रुपयांहून कमी येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. जुन्या लसीची मात्रा १५ ते २५ रुपयांना पडत असे.

हे आकडे येथे देण्याचे कारण असे की, ज्या देशात सोळा-सतरा मात्रांच्या गरजेमागे एकच मात्रा उपलब्ध होती, तेथे टोचलेली प्रत्येक मात्रा लागू पडणे अगत्याचे होते. लसीकरणाचा हिशोब मात्र किती मात्रा टोचल्या यावर मांडला जातो. किती जनावरांत प्रतिपिंडे (रोगकारकाविरुद्ध रक्तात तयार होणारी विशिष्ट प्रथिने) उत्पन्न झाली, हे क्वचितच पाहिले जाते. या दोन आकड्यांतील तफावत जेथून उद्भवते, त्या कारणांमध्ये पोषण हे एक आहे.

त्रुटिजन्य रोगांचा इतिहास : खनिजांचे महत्त्व प्रथम कळले ते रोगप्रतिकारातून नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या विकारांतून. स्कॉटलंडमध्ये मॅगोवन व क्रिक्टन यांनी १९२३ मध्ये पिलांचा पांडुरोग (रक्तक्षय) लोहाच्या अभावाने होतो असे दाखविले. डुकराचे पिलू जन्मतः सु. ५० मिग्रॅ. लोह घेऊन येते. त्याला रोज सु. ७ मिग्रॅ. लोहाची गरज असते आणि आईच्या दुधातून जेमतेम १ मिग्रॅ. मिळते. एवढे असूनही रानात किंवा उकिरड्यावर वाढणारी पिले पांडुरोगाने मरत नाहीत, कारण ती माती उकरतात व तिच्याबरोबर लोहही खातात. फरसबंद व काँक्रीटचे गोठे आले तेव्हा हा विकार बळावला. तो एका अर्थी सुधारणेचा रोग आहे. इंग्लंडमध्ये १९५५ च्या सुमारास लोह-डेक्स्ट्रानाची अंतःक्षेपणे सुरू झाली आणि बंदिस्त वराहपालनातील ही अडचण बव्हंशी दूर झाली.

जस्ताची कथा अधिक उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील मिनेसोटात कर्नकँप व फेरिन यांनी १९५३ मध्ये डुकरांच्या कातडीवर जाड खपल्या धरणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले. हा संसर्गजन्य रोग असावा, अशी शंका प्रथम साहजिकच आली. ॲलाबॅमातील टकर व सॅमन (हे सॅमन वर उल्लेखिलेल्या सॅमन यांहून वेगळे) यांनी १९५५ मध्ये हा विकार खाद्यात जस्त मिसळल्याने बरा होतो असे दाखविले. यातली ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, आजारी डुकरांच्या खाद्यात जस्त अगदीच कमी होते असे नव्हे. त्यात चुना (कॅल्शियम) जास्त होता. धान्य व पेंड यांतील फायटिक अम्ल जस्ताला बांधून ठेवते आणि कॅल्शियम जास्त असल्यास ही गाठ अधिकच घट्ट बसते. खाद्याच्या पृथक्करणात दिसणारे जस्त आणि जनावराच्या रक्तात पोहोचणारे जस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

सिलिनियमाकडे पाहण्याची दृष्टी तर पूर्णपणे उलटली. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात मॉक्सन यांनी १९३० नंतरच्या दशकात ज्या विषबाधेचा अभ्यास केला, ती जमिनीतील जादा सिलिनियमामुळे होत होती. श्वार्ट्‌स व फॉल्ट्‌स यांनी १९५७ मध्ये हेच विष अत्यल्प मात्रेत उंदरांच्या यकृताचे रक्षण करते असे दाखविले आणि त्याच वर्षी डुकरांच्या बाबतीतही तसा अनुभव आला. ते कसे घडते याचा उलगडा १९७३ मध्ये विस्कॉन्सिन येथील संशोधनाने झाला. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एंझाइमाचा सिलिनियम हा घटक असून हे एंझाइम कोशिकांचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. अमेरिकेत डुकरांच्या खाद्यात सिलिनियम मिसळण्यास १९७४ मध्ये, म्हणजे शोधानंतर सतरा वर्षांनी, परवानगी मिळाली आणि तीही दर दशलक्ष भागांत ०·१ भाग एवढीच. ते कर्ककारक असल्याचा जुना संशय या विलंबामागे होता.

दोन प्रवाहांचा संगम : लस टोचल्यावर शरीरात काय घडते, हे पाहिल्यास खनिजांचा संबंध कोठे येतो ते समजते. लसीतील प्रतिजन (शरीराला परके असलेले द्रव्य) ओळखणाऱ्या थोड्या लसिका कोशिका असतात. त्या अल्पावधीत विभाजन पावून हजारोपट होतात व त्यांतील काही प्रतिपिंडे तयार करू लागतात. इतक्या झपाट्याने होणाऱ्या विभाजनास जस्तयुक्त एंझाइमे लागतात. यौवनलोपी ग्रंथीत तयार होणारे थायम्युलीन हे हॉर्मोन जस्ताशिवाय निष्क्रिय असते, असे पॅरिस येथील दार्देन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले. जस्ताच्या त्रुटीत ही ग्रंथी आक्रसते. सिलिनियम व ई जीवनसत्त्व यांचे कार्य निराळे आहे. रोगजंतूंशी झगडताना भक्षक कोशिका जी तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये सोडतात, त्यांपासून त्या कोशिकांना स्वतःचाच बचाव करावा लागतो. तो या दोहोंमुळे साधतो.

डुकरांवरील प्रत्यक्ष प्रयोगांत एलिस व व्होरहिस यांचा १९७६ मधील प्रयोग आरंभीचा म्हणून महत्त्वाचा आहे. एश्चेरिकिया कोलाय या जंतूची मृत लस टोचलेल्या डुकरांना खाद्यातून जादा ई जीवनसत्त्व दिले असता त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण लक्षणीय वाढले. ओहायओ येथे पेप्लाउस्की, महान इत्यादींनी १९८० मध्ये दूध तोडलेल्या पिलांना मेंढीच्या तांबड्या रक्तकोशिका टोचल्या. ई जीवनसत्त्व व सिलिनियम ही दोन्ही मिळालेल्या पिलांचा प्रतिसाद सर्वांत चांगला आढळला. या प्रयोगाच्या कर्त्यांत मॉक्सन हेही होते. ज्या संशोधकाने तरुणपणी सिलिनियमाला विष म्हणून ओळखले, त्याच्याच उतारवयात ते लसीचे साहाय्यक ठरले.

तथापि या प्रयोगांचा अर्थ पुष्कळदा ताणून लावला जातो. व्यापारी जाहिरातींत खनिज मिश्रण हे रोगप्रतिकारक्षमता ‘वाढविणारे’ द्रव्य म्हणून मिरविले जाते. प्रयोगांतून निघणारे अनुमान याहून मर्यादित आहे. ज्या जनावरात त्रुटी आहे, त्याचा खालावलेला प्रतिसाद पूरक खाद्याने पूर्ववत होतो. ज्याचे पोषण पुरेसे आहे, त्याला आणखी खनिजे दिल्याने प्रतिसाद हमखास वाढतो, असे त्यांवरून म्हणता येत नाही. खनिज पूरक हे कर्जफेडीसारखे असून त्यातून नवे भांडवल उभे राहत नाही. शिवाय अतिरेकाचे दुष्परिणाम आहेत. लोह जास्त झाल्यास ते रोगजंतूंच्याही उपयोगी पडते. संसर्ग झालेल्या प्राण्याचे शरीर रक्तातील लोह दडवून ठेवते ते यासाठीच. डेन्मार्कमध्ये १९८९ मध्ये पाउलसेन यांनी दूध तोडलेल्या पिलांना दर किग्रॅ. खाद्यात २,५०० मिग्रॅ. एवढ्या प्रमाणात जस्त, झिंक ऑक्साइडाच्या रूपात दिल्यास त्यांची हगवण थांबते, असे दाखविले. प्रत्यक्ष पोषणाची गरज सु. १०० मिग्रॅ. असताना यूरोपभर हा उपाय रूढ झाला. डुकरांच्या विष्ठेवाटे जस्त शेतात साचू लागले व जंतूंतील प्रतिजैवकविरोधास त्यामुळे चालना मिळते असेही दिसून आले. परिणामी यूरोपीय संघाने जून २०२२ पासून झिंक ऑक्साइडाच्या या औषधी वापरास बंदी घातली. भारतापुरते बोलायचे तर पंजाबातील नवांशहर-होशियारपूर भागात जमिनीतच सिलिनियम जास्त असून तेथील गुरांना त्याची बाधा होते. सर्व देशाला एकच मिश्रण पुरविण्यातील धोका त्यावरून लक्षात यावा.

वऱ्हाडातील परिस्थिती : वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली आहे. तीत चुनखडी मुबलक असून ती अल्कधर्मी (क्षारकीय) आहे. अशा जमिनीत जस्त व लोह असले, तरी ते विरघळलेल्या स्थितीत पिकांना पुरेसे मिळत नाही. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा सु. ४·७ लाख हेक्टरांवर पसरला असून तेथे भूजलही खारे आहे. पिकांतील सूक्ष्म पोषकद्रव्यांचा समन्वित अभ्यास देशात १९६७ मध्ये सुरू झाला. अकोला येथे २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेले पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ त्यात पुढे सहभागी झाले. विदर्भातील जमिनीतील जस्ताची उणीव शेतकऱ्यांना आता परिचित आहे. झिंक सल्फेटाची पोती कृषि सेवा केंद्रांत सर्रास मिळतात. जमिनीतील ही उणीव कडब्यात व दाण्यात उतरते आणि तेथून जनावरात येते. ही साखळी पिकांपुरती जितक्या आस्थेने अभ्यासली गेली, तितकी जनावरांच्या बाबतीत गेली नाही व डुक्कर तर त्यात अगदी शेवटी राहिले.

टकर व सॅमन यांना आढळलेली परिस्थिती वऱ्हाडात जणू निसर्गतःच मांडून ठेवलेली आहे. ज्वारीच्या दाण्यात फायटिक अम्ल असते. हाडांसाठी म्हणून खाद्यात चुनखडीची भुकटी सढळपणे मिसळली, तर कॅल्शियम वाढते. तेव्हा ज्वारी-पेंडीवर पोसलेल्या डुकराला जस्त कमी पडण्याचा संभव अधिक असतो आणि चुना घालून केलेली ‘सुधारणा’ तो आणखी वाढविते.

दुसरा प्रश्न सरकीचा. अकोला, अमरावती ही कापसाची जुनी पेठ; तेथे सरकीची पेंड हे हाताशी असलेले प्रथिनयुक्त खाद्य आहे. गाई-म्हशींना ते मानवते, डुकरांना मानवत नाही. सरकीतील गॉसिपॉल हे पिवळे रंगद्रव्य डुकराच्या हृदयावर व यकृतावर घातक परिणाम करते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना या कापसाच्या राज्यात विदर्स व ब्रूस्टर यांनी १९१३ मध्ये लोहाची लवणे हा या विषबाधेवर उतारा असल्याचे दाखविले आणि १९१५ मध्ये विदर्स व कॅरूथ यांनी गॉसिपॉल हेच ते विष होय असे प्रतिपादिले. लोह आतड्यात गॉसिपॉलाला बांधून टाकते. म्हणून सरकीच्या पेंडीबरोबर हिराकस (फेरस सल्फेट) मिसळण्याची शिफारस करतात. त्याचे प्रमाण मुक्त गॉसिपॉलाच्या वजनाइतके लोह मिळेल असे ठेवतात. हिराकस नसल्यास एकूण खाद्यात मुक्त गॉसिपॉल ०·०१ टक्क्यापेक्षा अधिक नसावे. याची दुसरी बाजू अशी की, हिराकस न घालता पेंड चारल्यास खाद्यातील मूळचे लोह गॉसिपॉलात अडकते व डुकराला पांडुरोग होतो. असे जनावर लसीला दुबळा प्रतिसाद देईल, हे उघड आहे. खनिज पूरकाचा वऱ्हाडपुरता सर्वांत स्वस्त व सर्वांत निकडीचा उपयोग हाच म्हणावा लागेल.

परंतु वऱ्हाडातील बहुसंख्य डुकरांना ज्वारीही कोणी घालत नाही आणि सरकीही. ती पाळणारी कुटुंबे मुख्यतः कैकाडी, वडार इ. समाजांतील असून त्यांची डुकरे गावकुसाबाहेर, नाल्यांच्या काठी, बाजारातील नासक्या भाजीवर व उपाहारगृहांच्या खरकट्यावर वाढत आली. अकोल्यासारख्या शहरात जठारपेठ, रामदासपेठ यांसारख्या वस्त्यांना या जनावराचा परिचय आहे तो उपद्रव म्हणूनच. पालकाला मात्र ते अडीअडचणीला विकता येणारे भांडवल असते आणि वराह ज्वराची साथ आली की ते आठवड्या-दोन आठवड्यांत नाहीसे होते. त्याची भरपाई करणारा विमा वा गोठ्यातली दुसरी गाय अशा घरात बहुधा नसते.

अशा मोकाट जनावराला माती खाल्ल्याने लोह मिळते, पण आतड्यातील कृमी ते काढून घेतात. जस्त व सिलिनियम किती मिळेल याचा नेम नसतो. त्याला पूरक खाद्य देणे अशक्यप्राय आहे, कारण त्याला खाद्यच दिले जात नाही. नागरी स्वच्छतेच्या आग्रहामुळे ही डुकरे रस्त्यावरून हटवून बंदिस्त करण्याकडे कल आहे. नेमक्या त्याच वेळी मातीतील लोह तुटते, खाद्याचा खर्च पालकावर येतो आणि खनिज मिश्रणाची खरी गरज सुरू होते. पालकाला कोंडवाड्याची सक्ती करताना या खर्चाचा विचार झालेला सहसा दिसत नाही.

लस निष्फळ ठरल्यास दोष लगेच खनिजांवर टाकणेही बरोबर नाही. वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. वराह ज्वराची जिवंत लस बर्फाबाहेर थोडा वेळ राहिली तरी निकामी होऊ शकते. डुकरिणीची प्रतिपिंडे वारेतून पिलांत जात नाहीत, ती चिकाबरोबर मिळतात. लसवलेल्या आईची पिले फार लवकर टोचली, तर हीच प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करतात. म्हणून वराह ज्वराची लस साधारणपणे दोन महिन्यांच्या वयानंतर टोचतात. धावपळ करून पकडलेले, धापा टाकणारे जनावर टोचणे हेही अपयशाचे एक कारण असते. शीतसाखळी, वय, कृमी व ताण या चार गोष्टी सावरल्यानंतरच पाचव्या, म्हणजे खनिजांच्या गोष्टीला अर्थ येतो.

सद्यःस्थिती : नागपूर येथे २००० मध्ये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले असून अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था त्याला जोडलेली आहे. बंगलोर येथील राष्ट्रीय पशुपोषण संस्थेच्या (स्थापना १९९५) पुढाकाराने प्रदेशवार खनिज त्रुटींचा अभ्यास होऊन त्या त्या भागासाठी वेगळी मिश्रणे सुचविण्यात आली. ती मुख्यत्वे दुभत्या जनावरांसाठी आहेत. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ-खुरकताच्या लसीकरणासाठी गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांबरोबर डुकरांचाही समावेश करण्यात आला. देशातील डुकरांची संख्या २०१२ मध्ये सु. १ कोटी ३ लाख होती, ती २०१९ मध्ये सु. ९१ लाखांवर आली.

आफ्रिकी वराह ज्वर २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. नावात साम्य असले तरी तो वराह ज्वराहून अगदी भिन्न अशा व्हायरसामुळे होतो आणि वराह ज्वराच्या लसीचा किंवा कोणत्याही खनिज मिश्रणाचा त्यावर उपयोग होत नाही. त्याला रोखण्यासाठी उपाहारगृहांचे खरकटे नीट उकळूनच डुकरांना घालावे आणि बाहेरून आणलेली जनावरे काही काळ वेगळी ठेवावीत, असे सांगितले जाते.